काकूंनी दिलेला शब्द

खालच्या मजल्यावरच्या काकूंचं इंग्रजी माझ्या डोळ्यांत खुपायचं. खोटं कशाला बोलू? नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून कोलकात्याच्या बागबाजारात आलो, तेव्हा इमारतीत मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच. आधी हायसं वाटलं. मग माझी लेक रोज संध्याकाळी त्यांच्याकडे शाळेतल्या इंग्रजी भाषणस्पर्धेची तयारी करायला जाऊ लागली, आणि वर आली की 'काकू म्हणाल्या, काकू म्हणाल्या' सुरू. मी पोळ्या लाटताना पोळपाट आपटायची.

'कम हेल ऑर हाय वॉटर' हे काकूंचं आवडतं पालुपद. मीही ते उचललं. एकदा पावसाने गल्ली तुंबली, तेव्हा जिन्यात ऐटीत म्हणाले, "आज तर अगदी कम हेल ऑर हाय वॉटर झालंय!"

काकू आणि लेक तिथेच होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काकू गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, ते पाणी तुंबल्यावर नाही म्हणत. काहीही झालं तरी करणारच, असा शब्द देताना म्हणतात."

लेक फिसकन हसली. अस्सा संताप आला! काकूंनी चूक काढली म्हणून नाही, ही त्यांच्या बाजूने हसली म्हणून.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी काकू तिला म्हणाल्या, "कम हेल ऑर हाय वॉटर, उद्या मी पहिल्या रांगेत असेन." अगदी बरोबर वापरलं हो! मी येणार का, हे मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

सकाळी लेक शाळेच्या बसने गेली आणि मग धो धो सुरू झाला. दुपारी गल्लीत गुडघाभर पाणी. काकू दारातूनच म्हणाल्या, "अगंबाई, या पाण्यातून? मला नाही जमायचं. तिला सॉरी सांगा हं."

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. साडी खोचली, चपला हातात घेतल्या आणि निघाले. शाळा सियालदहजवळ. थोडी वाट हातरिक्षाने, बाकीची पाण्यातून. आज कळेल तिला कोण आपलं ते, असं रस्ताभर घोकत होते.

सभागृहाच्या दारातच लेक उभी होती. माझ्या साडीतून पाणी गळत होतं. तिने माझ्या मागे पाहिलं.

"काकू कुठायत?"

"नाही आल्या. पाणी आहे ना," मी ठसक्यात म्हटलं.

तिचा चेहरा एकदम निवळला. "नाही आल्या तेच बरं झालं. एवढ्या पाण्यात आजारी पडल्या असत्या गं त्या."