साकोलीच्या ढाब्यावरची ओळख

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही, आणि मायला तर नाहीच नाही. दोनदा सांगायला बसलो होतो, दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून उठलो. तुम्ही मला ओळखत नाही – म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होताना दिसत नाही.

बाबांपासून सुरू करतो. बाबा एसटीत कंडक्टर होते. गाव आमचं एकोडी, पण त्यांचं अर्धं आयुष्य साकोली ते लाखांदूरच्या रस्त्यावर गेलं. स्टँडवर गाडी लागली की आधी कंट्रोलरच्या खिडकीशी जायचं, गाडी पोचल्याची नोंद करून घ्यायची आणि मगच चहाला हात लावायचा, हा त्यांचा नेम. नोंद झाली नाही तर गाडी पोचूनही पोचलेली नसते, असं ते म्हणायचे. आणखी एक काम त्यांनी आपणहून गळ्यात घेतलं होतं – डब्यांचं. तालुक्याला शिकायला राहिलेल्या पोरांच्या आया सकाळी बसजवळ डबे घेऊन उभ्या राहायच्या. बाबा ते सीटखाली ठेवायचे आणि ज्याचा त्याला पोचवायचे. कधी अदलाबदल झाली नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत लागलो होतो. पहिल्या बोनसमधून त्यांना मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला. तेव्हा चेक-इनचं नवं वेड होतं – आठवतंय तुम्हाला? चहा प्यायला गेलो, चेक-इन. सिनेमाला गेलो, चेक-इन. साहेब कुठे बसून काय खात आहेत, हे जगाला कळलंच पाहिजे. मी बाबांना ते शिकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे नोंदच ना. पोरगा पोचला, हे मले इथं समजते." मला हसू आलं होतं. पण त्यांच्याइतकं नेमकं ते कुणालाच कळलं नसेल.

आमच्याकडे नेटची रेंज यायची ती फक्त शाळेच्या कुंपणाजवळ. तिथं उभं राहून, एका बोटानं टाइप करत, बाबा माझ्या प्रत्येक चेक-इनखाली लिहायचे – जयभीम बाबू. नोंद झाली. जेवून घे.

एकही सोडायचे नाहीत. मी मॉलमध्ये असो, नाहीतर ऑफिसच्या पार्टीत.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतोय आणि बाबांच्या गोष्टी सांगत बसलोय, हे मलाही दिसतंय. मुद्दा असा, की मला त्या ओळीची लाज वाटायला लागली. जेवून घे – याची नाही. पहिल्या शब्दाची.

माझ्या आडनावावरून काही कळत नाही. पुण्यात ते माझ्या पथ्यावर पडलं होतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कॅन्टीनमध्ये कोण कशाच्या जोरावर नोकरीला लागलं यावर विनोद व्हायचे, तेव्हा मीही हसायचो. हो, हसायचो. ज्या शब्दानं माझ्या आजोबांची मान वर झाली, ज्या शब्दाशिवाय आमच्या घरात कुणाचं स्वागत झालं नाही, तो शब्द माझ्या फोनवर दिसला की मी इकडेतिकडे बघायचो, कुणी वाचला तर नाही ना.

एकदा निखिलनं वाचला. निखिल माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, मनानं वाईट नव्हता. त्यानं सहज विचारलं, हे काका कोण रे, रोज लिहितात? आणि मी म्हणालो – गावाकडचे एक ओळखीचे आहेत, सगळ्यांनाच लिहीत असतात.

ओळखीचे. माझ्या बापाला मी ओळखीचे म्हणालो. बरं, विचार करायला वेळ लागला असता तर एक गोष्ट होती. नाही लागला. उत्तर तयारच होतं.

त्याच संध्याकाळी मी बाबांना ब्लॉक केलं. चारपाच दिवसांनी त्यांचा फोन आला, "बाबू, तुही नोंद दिसून नाही राहिली. माह्या फोनले काही झालं का?" मी म्हणालो, "बाबा, ते अ‍ॅप बंद पडलं आता." ते म्हणाले, "चांगलं होतं पण." बस, एवढंच.

हे इथंच संपलं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

त्या हिवाळ्यात ऑफिसातल्या आम्हा पाच जणांचं नागझिऱ्याला वाघ बघायला जायचं ठरलं. नागझिरा म्हणजे साकोलीवरूनच जायचं, आणि साकोलीहून एकोडी कितीसं? घरी मी काही कळवलं नाही. कळवलं तर घरी जावं लागणार. घरी नेलं तर दारातच सगळं उघड होणार – भिंतीवरचे फोटो, निळा झेंडा, मायचं ते भरभरून बोलणं. गाडीत निखिलनं विचारलं, तुझं गाव इकडेच कुठे ना? मी म्हणालो, अजून बरंच लांब आहे.

दुपारच्या सफारीला वेळ होता म्हणून साकोलीत एका ढाब्यावर थांबलो. आणि मी काय केलं? सवयीनं चेक-इन केलं. बाबा ब्लॉक होते, मग भीती कसली. ताईला विसरलो. ताई लाखांदूरला दिलेली, दिवसभर घरकामात – ती हे कधी उघडत असेल असं माझ्या डोक्यातही नव्हतं. तिनं उघडलं, आणि आनंदानं घरी फोन केला, की बाबू साकोलीले आला आहे.

तासाभरात बाबा एसटीतून उतरले. मी त्यांना रस्त्यापलीकडेच पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात डबा. मायनं घाईघाईत तांदळाच्या पिठाचे वडे केले असणार – पोराच्या दोस्तांसाठी म्हणून जास्तीचे, कारण डबा मोठा होता. ते रस्ता ओलांडून आले. चेहरा असा खुललेला, की आता हाक मारतील असं वाटलं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडावर तेव्हा काय होतं, मला माहीत नाही. आरसा नव्हता समोर. पण बाबांनी तीस वर्षं माणसांचे चेहरे पाहून तिकिटं फाडली होती. कोण विनातिकीट बसलंय, हे त्यांना दारातून कळायचं.

निखिल म्हणाला, कोण रे? मी बोलू शकलो असतो. उठायचं होतं, दोन शब्द म्हणायचे होते – माझे बाबा. वेळ होता. खरंच होता, बाबा थांबले होते त्यासाठी. मी ताटातली पोळी मोडत बसलो.

बाबा हसले. म्हणाले, "नमस्कार."

माझ्या उभ्या जन्मात मी बाबांना कुणाला नमस्कार म्हणताना ऐकलं नव्हतं. साहेबांच्या तपासणी पथकालाही ते जयभीम करायचे. आणि हा नमस्कार त्यांनी आणला कुठून? वाटेत तर नक्की नव्हता. तो त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून उचलला.

मग म्हणाले, "मी एसटीत होतो. यायच्या घरून डबा देला होता, तो पोचवाले आलो." आणि माझ्यापुढे डबा धरून – "घ्या साहेब."

मी घेतला. दोन्ही हातांनी घेतला आणि थँक्यू म्हणालो. बापाला थँक्यू म्हणालो. निखिल बिचारा म्हणाला, काका बसा ना, चहा घ्या. बाबा म्हणाले, "नाही, परतीची गाडी लागली आहे." गाडी लागलेली नव्हती. रस्त्यापलीकडे जाऊन ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, बराच वेळ, बस येईपर्यंत. माझी जागा त्यांच्यापासून वीस पावलांवर असेल. मित्रांनी वडे संपवले. फार छान आहेत म्हणाले. मीही खाल्ले.

त्या आठवड्यात मी बाबांना अनब्लॉक केलं आणि वर आणखी एक थाप मारली, की अ‍ॅप पुन्हा सुरू झालंय. "बरं झालं," ते म्हणाले. पण त्यानंतर माझ्या एकाही चेक-इनखाली त्यांनी अक्षर लिहिलं नाही. मी मुद्दाम दिवसात तीन-तीन करायचो. ताई सांगायची, बाबा रोज कुंपणाशी जाऊन फोन बघतात. बघून परत येतात.

दोन वर्षांनी ते गेले. मधल्या काळात मी किती वेळा घरी गेलो, त्यांच्याजवळ बसलो, धानाबद्दल, गुडघ्यांबद्दल बोललो. त्या दिवसाबद्दल ना त्यांनी काही काढलं, ना मी. त्यांनी मला माफ केलं होतं का? मला वाटतं, त्यांनी ते माझा गुन्हा म्हणून धरलंच नसेल. हेच मला सोसत नाही.

त्यांच्या शोकसभेला लोक जमले होते. मायला कुणीतरी विचारलं, पुण्याचं पोरगं लक्ष द्यायचं का? तेव्हा मला कळलं, की साकोलीहून परत येऊन बाबांनी घरी काय सांगितलं होतं. माय म्हणत होती, "काहून नाही? साकोलीले आला तं बापाले बलावून घेतलं त्यानं. आपल्या दोस्तायले सांगे, हे माहे बाबा. संगं बसवून जेवू घातलं. हे तं घरी येऊन जेवलेच नाही, पोट भरलं म्हणे."

मी तिथंच बसलो होतो. लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी मान खाली घातली, ती त्यांना नम्रता वाटली.

माय हे अजूनही सांगते. घरी कुणीही आलं की सांगते, आणि सांगताना तिचा आवाज तरुण होतो. मागच्या रविवारी माझ्या मुलीला जवळ घेऊन सांगत होती – तुझ्या बाबानं तुझ्या आजोबाचा कसा मान ठेवला. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, खरंच बाबा?

मी हो म्हणालो.