गोल बसलेल्या बायका

“ही मुलाखत आहे की भिशी?” सर मराठीत म्हणाले, तिला कळू नये म्हणून. वर्ग हसला. झांबियाहून मानसशास्त्र शिकायला आलेली म्विला फळ्यापाशी उभी होती. आज तिच्या प्रबंधाचा विषय मंजूर व्हायचा होता. तिच्या गावात दुःख एकटीनं सांगत नाहीत. बायका गोल बसतात. एक बोलते, दुसरी तिला अडवते, तिसरी राहिलेलं आठवून देते. संशोधनही तिला तसंच करायचं होतं. सरांचं उत्तर तयार होतं: एकेकीला बंद खोलीत विचार, नाहीतर विषय बदल.

माझी कानशिलं तापली. बाबा गेले तेव्हा आईला कुणी एकटीला विचारलं असतं, तर “बरी आहे” म्हणून तिनं दार लावलं असतं. मावश्या, शेजारणी भोवती बसल्या तेव्हा कुठे ती बोलली. ते सगळं काय खोटं होतं? आणि आम्ही हसतो कुणाला!

वर्गात मी कधी बोलत नाही. आज उभी राहिले आणि म्विलालाही कळावं म्हणून इंग्रजीत विचारलं, “सर, माणूस एकटा असतानाच खरं बोलतो, हे कुणाच्या गावात ठरलं?”