बाबांचं प्रभुभोजन

उद्याच्या प्रभुभोजनासाठी आज शिरगावच्या घरी काळी द्राक्षं उकळत ठेवली आणि त्या गोड-तुरट वाफेनं मला अंबरनाथच्या आमच्या छोट्या मेथडिस्ट चर्चमध्ये नेलं.

मी तेव्हा शाळेत होते. बाबा कारखान्यात फिटर होते आणि दारू पीत. प्रभुभोजनाच्या रविवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घ्यायला आई वेदीपुढे जायची. बाबा मात्र मान खाली घालून बाकावरच बसून राहायचे. अशाच एका रविवारी चर्चचे पाळकसाहेब स्वतःच त्यांच्याजवळ आले.

"मी लायक नाही, साहेब," बाबा पुटपुटले. "आणि त्या प्याल्याची भीती वाटते."

"आपल्या प्याल्यात दारू नसते, नुसता द्राक्षाचा रस असतो. आणि लायक होऊन इथे कोण आलंय? आपण मागायच्या आधीच देवाची कृपा आपल्यापर्यंत पोचलेली असते. चला."

वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बाबा हमसून रडले. सगळ्यांसमोर ते रडताहेत याची मला तेव्हा फार लाज वाटली. आज वाटतं, तेवढी चार पावलं चालायला त्यांना केवढं धैर्य लागलं असेल.

दारू काही लगेच सुटली नाही. बाबा पुन्हा घसरले, पुन्हा सावरले. पण घसरलेल्या आठवड्यातही रविवारी ते आपणहून उठून पुढे जात.