घारींशिवाय तळं

मी पत्रकं लिहिते. तमिळ मुलखातल्या सिरुसेरीतली सॉफ्टवेअरची नोकरी पोटासाठी, पत्रकं रागासाठी. आमच्या ऑफिसच्या मागे एक तळं आहे. त्याच्या उथळ कोपऱ्यात पाणकणीस माजलंय, आणि तो कोपरा बुजवून गाड्या लावायला जागा करायची, असं वरती कुणाच्या तरी डोक्यात आलं. विकासाला चाकं असतात म्हणे. ती कुठेतरी उभी करावीच लागतात.

आम्ही ऑफिसातली काही पोरंपोरी विरोधात उतरलो. आता पत्रकाला चेहरा लागतो. पाण्याला चेहरा नाही, चिखलाला तर नाहीच. पण बांधावर रोज सकाळी घारींचा थवा घिरट्या घालायचा, आणि त्यात ब्राह्मणी घारीही असायच्या. तांबूस अंग, पांढरंशुभ्र डोकं. जन्मतःच पोस्टरवर बसायला तयार. मी मथळा दिला, ‘यांचं आकाश हिरावू नका!’ तमिळमध्ये तो आणखी चिडका वाटत होता. मला बरं वाटलं.

पत्रकाचा परिणाम झाला. एक अधिकारी रविवारी पाहणीला येणार असं कळलं. मग आम्ही तेच केलं जे चळवळीतला कुणीही करेल: आदल्या दिवशी स्वच्छता मोहीम. हातमोजे, एकसारखे टी-शर्ट, भरपूर फोटो. बांधाखाली कोंबडीच्या दुकानातली आतडी आणि पिसं पोत्यांनी पडलेली होती, ती सगळी उचलली. दुकानदाराला इतकं झापलं की पुन्हा टाकणार नाही अशी त्याने शपथ घेतली. माणूस शब्दाचा पक्का निघाला.

रविवारी आकाश रिकामं होतं.

साहेबांनी हातातलं पत्रक बघितलं, मग वर बघितलं. “घारी कुठे आहेत, मा?”

“येतील, सार.”

एक कावळा आला. साहेबांनी त्याच्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं. मग बांधावरून नजर फिरवून म्हणाले, “जागा छान स्वच्छ आहे. गाड्या लावायला सोयीची पडेल.” पुढच्या महिन्यात शेवटची पाहणी, असं सांगून ते गेले.

आमच्या चळवळीत एक अक्काही आहेत. बँकेतून निवृत्त झालेल्या, जन्म इथलाच, घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि चाल तमिळ, त्यामुळे शिव्याही गाण्यासारख्या लागतात.

“अय्यो, त्या घारी काय तुझं पत्रक वाचून येत होत्या? जेवायला येत होत्या. तूच पान उचललंस!”

बैठकीत लगेच ठराव आला: पाहणीच्या सकाळी गुपचूप दोन पोती आतडी आणून टाकायची. पर्यावरणासाठी. हात वर झाले, जवळजवळ सगळ्यांचे. मी नाही म्हटलं. ज्याला कचऱ्यावरून भर रस्त्यात झापलं, त्याच्याकडे जाऊन ‘अण्णा, थोडा कचरा द्या’ म्हणायचं? माझ्याच्याने होणार नव्हतं.

“मग दाखवणार काय त्यांना?” अक्कांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“तर बस जाऊन. तू त्या तळ्याबद्दल बोलतेस फार. त्याच्याकडे तोंड करून कधी बसलीस?”

चिडून बसले. अक्का शेजारी, फिल्टर कॉफीचा थर्मास मध्ये. पहिले काही दिवस भयंकर कंटाळा आला. एक वंचक बगळा पाण्याच्या कडेला असा उभा की सरकारी खात्यात सहज लागला असता. खंड्या सूर मारायचा, बहुतेक वेळा रिकामाच वर यायचा, आणि निषेध वगैरे न करता पुन्हा तारेवर बसायचा. रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या हॉर्न वाजवत होत्या. हळूहळू तो आवाज मागे पडला.

मग एका सकाळी पाणकणसावरून, अगदी शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून, एक तपकिरी पक्षी आला. पंख किंचित वर उचललेले. काहीतरी हरवलंय आणि घाई नाही, अशा चालीने सगळा कोपरा शोधत गेला. दलदल ससाणा. घारींना काय, कुठलंही उकिरड्यावरचं आकाश चालतं. याला मात्र हाच कोपरा लागत होता, बुजवायचा तोच.

मी मोबाइलवर काढलेला फोटो ग्रुपवर टाकला. “हे काय? नापास झालेली घार?” असं उत्तर आलं. पोस्टरसाठी अगदीच निरुपयोगी. पण दाखवायला काहीतरी आहे म्हटल्यावर आतड्यांचा ठराव बारगळला.

दुसऱ्या पाहणीला मी पत्रक नेलंच नाही. साहेबांना बांधावर बसवलं, अक्कांनी कॉफी दिली. बराच वेळ काही आलं नाही. साहेबांनी मोबाइल काढला, ठेवला, पुन्हा काढला. मला भाषण ठोकायची इतकी उबळ येत होती की मी ओठ चावून बसले. आणि तो आला. कोपऱ्यावरून एकदा गेला, वळला, आणि दगड टाकावा तसा पाणकणसात पडला.

दिसेना.

“मिळालं का त्याला?” साहेब कुजबुजले. मोबाइल त्यांच्या मांडीवर वाजत होता. उचलला नाही.

“माहीत नाही, सार.”

“थांबूया.” थांबलो. बऱ्याच वेळाने तो वर आला, पायात काहीतरी लोंबत होतं. साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला, जणू जेवण त्यांचंच होतं.

मग ते उठले, पँट झटकली आणि पुन्हा अधिकारी झाले. “हा बारा महिने असतो इथे?”

खोटं बोलणं सोपं होतं. “नाही, सार. थंडीतला पाहुणा. उन्हाळा लागला की उत्तरेला जातो.”

“मग तेव्हा इथे गाड्या लावायला काय हरकत?”

“सार, तुम्ही उन्हाळ्यात गावी गेलात तर तुमच्या बेडरूममध्ये गाडी लावू का?”

अक्कांनी माझ्या पायावर पाय दिला. साहेबांनी कॉफीचा कप अक्कांच्या हातात दिला. “मला रजा मिळत नाही,” ते म्हणाले.

अहवालात त्यांनी काय लिहिलं ते पुढे कळलं: पुढच्या थंडीत पक्षी परतल्यावर पुन्हा पाहणी करावी, तोवर काम थांबवावं. सरकारी भाषेत याला जिंकणं म्हणत नाहीत, हरणंही म्हणत नाहीत. मार्चअखेर ससाणा निघून गेला. मी आणि अक्का अजून जातो, रिकाम्या पाणकणसाकडे तोंड करून बसतो. तो परत येणार की नाही, हे त्याला विचारायची सोय माझ्या कुठल्याही पत्रकात नाही.