डावीकडून आलेला उजेड

आधीच सांगतो, असे अनुभव वाचून हसणाऱ्यांतला मी माणूस. भूत, भानामती, कशावरच विश्वास नाही. तरी हे लिहितोय. आजवर खूप जणांना रंगवून सांगितलं, पण ज्यांना सांगायला हवं होतं त्यांनाच... असो. क्रमाने सांगतो.

१९९५ चा जून. चंडीगड, सेक्टर ३८, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मी सेक्टर ३४ मधल्या एका आर्किटेक्टकडे नोकरीला होतो. घरी सुटे भाग जोडून केलेला ४८६ कॉम्प्युटर आणि डोक्यात रे ट्रेसिंगचं वेड! म्हणजे भिंती, खांब, सूर्य, सगळं आकड्यांत लिहून द्यायचं आणि प्रकाशाचा एकेक किरण कुठे पडेल हे मशीन मोजत बसणार. चित्र वरून खाली, ओळीओळीने उमटायचं. एका चित्राला नऊ तास!

भानगडीही तशाच. चित्र पूर्ण काळं आलं तर समजायचं, कॅमेरा (म्हणजे बघणाऱ्याची जागा, तीही आकड्यांतच लिहायची) भिंतीच्या आत गेलाय. मध्येच मशीन अडकलं तर रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासायची – हा उपाय मी आजही छातीठोकपणे सांगेन.

माझे वडील, अण्णा, साताऱ्याहून राहायला आले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. शनिवारी संध्याकाळी मी त्यांना एका बंगल्याची फाइल दाखवली.

"हा सूर्याचा आकडा. असा असला की सूर्य उजवीकडे. पुढे उणे लावलं की डावीकडे."

"मग लाव की उणे. ड्रॉइंगमध्ये उजेड डाव्या खांद्यावरून येतो. पस्तीस वर्षं तसंच काढलंय आम्ही."

"त्या प्लॉटवर सकाळचा सूर्य उजवीकडेच असतो, अण्णा. आमच्याकडे खोटं चालत नाही."

"खोटं होय?" ते हसले. "बरं बाबा, तुझं खरं."

रविवारी सकाळी आठला मी आकडा स्वतः पुन्हा वाचला, उणे नव्हतं, आणि चित्र सुरू केलं. बाराला बाजारात गेलो, दोनला परतलो. पडद्यावर अर्धा बंगला उमटला होता... आणि छज्ज्याच्या, खांबांच्या सावल्या उजव्या बाजूला पडल्या होत्या. म्हणजे सूर्य डावीकडे!

"अण्णा, हात लावलात ना?"

"नाही रे. मला ते चालूसुद्धा करता येत नाही."

"काल तुम्हालाच दाखवलं होतं उणे कुठे लावायचं ते!"

"अहो," स्वयंपाकघरातून माझी बायको मेधा म्हणाली, "सकाळपासून ते बंद झालेलंच नाहीये. मी इथेच आहे. आधी फाइल तर बघा."

मी कुणाचं ऐकतोय! "कबूल करायला काय जातं तुमचं?" असं म्हणालो मी. बापाला.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मला उद्याच्या गाडीत बसवून दे," एवढंच म्हणाले. सोमवारी पहाटे मी त्यांना स्टेशनवर सोडलं.

घरी येऊन फाइल उघडली. उणे नव्हतं. फाइलवरची वेळ शनिवार संध्याकाळची. आणि चित्र मात्र पूर्ण, सलग नऊ तासांचं! मधे थांबवून पुन्हा सुरू केलं असतं तर संध्याकाळी पाचला संपलंच नसतं. अंगावर सर्रकन काटा आला. मी अक्षरशः नाचलो हो! मेधाला हलवून हलवून सांगितलं. त्या आठवड्यात तीच फाइल तीनदा चालवली. तिन्ही वेळा सूर्य उजवीकडे.

सोमवारीच आमच्या आर्किटेक्ट सरांनी ते चित्र पाहिलं होतं. "यार, ये तो पहली बार घर लग रहा है!" बंगल्याच्या मालकांनाही तेच आवडलं. मग काय, ऑफिसात, मित्रांना, पुण्याला एसटीडी लावून – भेटेल त्याला सांगत सुटलो. एक मित्र म्हणाला, उन्हाळ्यात मेमरी तापून एखादं चिन्ह उलटू शकतं. उलटत असेल. पण फाइलमध्ये शेकडो आकडे होते. उलटायचा तो नेमका सूर्याचा, आणि नेमका त्याच दिवशी? याचं उत्तर मला कुणीच दिलेलं नाही.

आणि अण्णा? पुढच्या रविवारी त्यांचाच फोन आला.

"त्या चित्राचं काय झालं रे?"

"पास झालं."

"छान. मी खरंच हात लावला नव्हता."

फाइल समोर होती. तिच्यातला आकडाही दिसत होता. 'तुम्ही खरं बोललात, मी चुकलो' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे ना अण्णा. मी विसरलोय ते."

म्हणजे जे त्यांनी केलंच नव्हतं, त्याबद्दल मी त्यांना माफ करून टाकलं.

"बरं," ते म्हणाले. नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. चार वर्षांनी ते गेले.