गार पाण्याला निघालेले खेकडे

मे महिन्यात आमच्या चोपड्याकडे शेततळ्यात हात घातला तर झटकन मागे घ्यावा लागतो, इतकं पाणी तापतं. तसल्या पाण्यात खेकडा थांबत नाही. तो बांधात शिरतो, ओल लागेपर्यंत खाली पोखरत जातो आणि तळाशी गप्प पडून राहतो. आमचं तळं मातीचं, तळाला प्लास्टिकचा कागद न घातलेलं. बिळं वाढली की बांध झिरपतो आणि पाण्यावाचून केळी माना टाकतात. त्यामुळे खेकड्याचं नाव काढलं तरी आमचे हे भडकतात.

त्या दिवशी ते भर दुपारी जेवायला आले आणि हात साबणाने घासघासून धुवायला लागले. म्हटलं, काय हो, आज एवढी स्वच्छता?

"बिळांत दाणेदार औषध टाकलं. ह्या उन्हात एकही बाहेर येत नाही, जागच्या जागी मरतील. संध्याकाळी बिळं लिंपून टाकतो."

जेवले, आडवे झाले आणि घोरायलाही लागले.

ऊन कललं तशी मी शेळीसाठी चारा आणायला वावरात गेले. लांबूनच मोटर ऐकू आली. लाइट अवेळी आली होती, स्टार्टर ऑटोवर राहिल्याने मोटर आपोआप सुरू झाली होती, आणि तळ्यात बोअरचं पाणी धो धो पडत होतं. मी पाण्यात पाय घातला. गार! गार पाणी लागलं की हेच खेकडे बिळं सोडतात आणि बांध उतरून पाटाने खाली पसरतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बिळं मोकळी होती, म्हणजे औषध लागलेले खेकडे मरायच्या आतच बाहेर पडले होते. खाली चिखलात खेकड्यांच्या पायांच्या रेघोट्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी माणसाची अनवाणी पावलं.

ती कोणाची, हे विचारायला नको होतं. अक्का आमच्या केळीत कामाला, वावराच्या टोकालाच तिचं घर. लेक बाळंतपणाला आलेली, तिला दूध उतरत नव्हतं, आणि खेकड्याच्या रश्श्याने दूध येतं म्हणतात. सकाळीच अक्का म्हणाली होती, "पानी सुटनं का माले सांगजा वहिनी, पोरले खेकडास्ना रस्सा करसू."

फोन लावला तर तिचा बंद. मी पळत सुटले. केळीच्या वाळक्या पानांत पाय अडकत होते, पदराची शुद्ध नव्हती, आणि तोंडाने नवऱ्याचा उद्धार चालला होता. झोपा म्हणावं, झोपा अजून! त्या पोरीला काही झालं तर तोंड कुठे लपवणार होतो आम्ही?

दारातच वाटणाचा वास आला. पातेलं चुलीवरून उतरलेलं. लेक खाटेवर बसलेली, मांडीवर बाळ, हातात वाटी, आणि ती वाटीवर फुंकर घालत होती.

"ठेव खाली!" मी अशी ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, वाटी तोंडाशीच. मी तिच्या हातावर फटका मारला. रस्सा भिंतीवर उडाला.

"प्यायलीस का? एक घोट तरी?"

"नही वहिनी. गरम व्हतं."

मी तिथेच मटकन खाली बसले. मग अक्काला सगळं सांगितलं. औषध, ऑटोवरची मोटर, सगळं. तिने घरामागे खड्डा केला आणि रस्सा पातेल्यासकट पुरला.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना हात जोडायला पाठवलं. पाठवलं म्हणजे काय, ढकललंच. "ऱ्हाऊ द्या भाऊ," एवढंच अक्का म्हणाली. हे हलक्या मनाने परत आले. मिटलं म्हणाले.

अक्का अजून आमच्याकडेच कामाला येते. तळ्यात गार पाणी पडायला लागलं की खेकडे धरायला डबा घेऊन बांधावर येते आणि सगळ्या बायकांसमोर ह्यांना विचारते, "भाऊ, आज काही टाकेल नही ना?"

हे मान खाली घालून नाही म्हणतात.

मग ती माझ्याकडे वळते आणि तेच पुन्हा विचारते. मी नाही म्हटल्यावरच ती पाण्यात हात घालते.