एक्केचाळीस आणि एक

त्या रविवारी माझी नेमणूक शेवटच्या गेटवर होती. कात्रजकडून येणारी डोंगररांग सिंहगडाच्या घाटरस्त्याला भेटते, तिथे दोन बांबूंना पांढरी फीत बांधली होती. तेच गेट. माझ्याजवळ रेडिओ सेट (डोंगरात फोन लागत नाही), छत्री, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली धावणाऱ्यांची यादी आणि पेन्सिल होती. पावसात पेन चालत नाही, पेन्सिल चालते. हे पलटणीत शिकलो.

मी सतरा वर्षे पायदळाच्या एका पलटणीत रेडिओ ऑपरेटर होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो आणि एकटा राहतो. सुभेदार सर्जेराव पिसाळ त्याच पलटणीतले. उंचावरच्या पोस्टवर ते पेट्रोल लीडर, म्हणजे गस्तीच्या तुकडीचे म्होरके असत आणि त्यांच्यामागे सेट घेऊन मी. मी सॅकमध्ये पुस्तक ठेवायचो म्हणून ते मला मास्तर म्हणत. मी त्यांना साहेब म्हणत असे. निवृत्तीनंतरही यात बदल झाला नाही.

साहेब विश्रांतवाडीत राहत आणि एका आयटी कंपनीत सिक्युरिटीचं काम बघत. तिथल्या काही लोकांना डोंगरात पळायची आवड लागली. साहेबांनी त्यांना शिकवलं. दर हिवाळ्यात एकदा कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत, एक टेकडी उतरायची आणि दुसरी चढायची, असं पळायचं. साहेब सर्वांच्या मागे राहत. कोणी थकलं, घसरलं, तर त्याला घेऊन येणं हे त्यांचं काम. माझा गुडघा गेलेला आहे, त्यामुळे गेट माझ्याकडे.

इथे पलटणीतली एक रीत सांगितली पाहिजे. पेट्रोल परत येताना लीडर शेवटी चालतो. तारेच्या कुंपणाच्या आत शिरताना तो प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजतो आणि आकडा गेटवरच्या संत्रीला, म्हणजे पहारेकऱ्याला सांगतो. त्या आकड्यात तो स्वतः नसतो. त्याला संत्री मोजतो. लीडर म्हणतो, "बारा." संत्री त्याच्याकडे बघून म्हणतो, "बारा आणि एक." मग गेट बंद होतं. बर्फाच्या वादळात, समोरचा हात दिसत नसतानाही, यात कधी फरक पडला नाही.

त्या आठवड्यात डिसेंबर असूनही दोन दिवस पाऊस होता. आदल्या संध्याकाळी आम्ही स्वारगेटजवळ चहाला भेटलो. केदार म्हणून कंपनीतला इंजिनिअर सगळं आयोजन करायचा. मी त्याला म्हटलं की धुकं राहिलं तर पुढे ढकलावं. तो हसला.

"अहो काका, आपण पुण्यात आहोत. सियाचीनला नाही."

"सियाचीनला लोक रेनकोट आणतात," साहेब म्हणाले. "तुमच्यातले निम्मे उद्या टी-शर्टात येतील."

शेवटी जायचं ठरलं. साहेब नको म्हणाले असते तर केदारने ऐकलं असतं. साहेब नको म्हणाले नाहीत. मीही दुसऱ्यांदा बोललो नाही.

पहाटे सहाला बोगद्यापासून एक्केचाळीस जण निघाले, त्यांच्या मागे साहेब. साडेसहाला पहिला रिपोर्ट आला. सेटवर साहेब नाईन होते, मी वन; ज्याला हाक मारायची त्याचा नंबर आधी.

"वन फॉर नाईन. पहिली टेकडी पार. पार्टी ओके. ओव्हर."

"नाईन फॉर वन. रॉजर."

असा दर अर्ध्या तासाला रिपोर्ट यायचा. मध्ये वेळ असे तेव्हा मी यादी बघत बसे. समोर दहा पावलांवर रस्ता संपत होता, पुढे सगळं पांढरं. अधूनमधून गडावर जाणारी एखादी गाडी दिवे लावून जायची आणि मला बघून हळू व्हायची. अशा हवेत बांबूपाशी छत्री धरून बसलेला माणूस लोकांना चमत्कारिक वाटत असणार.

पहिला मुलगा पावणेदहाला आला. त्यानंतर एकेक जण चिखलाने माखून येत गेला. बरेचसे टी-शर्टात होते. मी नंबर विचारायचो आणि खूण करायचो. केदार त्यांना गाडीत घालून खाली डोणज्याला पाठवत होता. तिथे एका घरी गरम पिठलं-भाकरी सांगितली होती. अडीचपर्यंत चाळीस खुणा झाल्या.

दोन पन्नासला साहेबांचा आवाज आला. शेवटच्या नंबरच्या अश्विनीताई घसरून पडल्या होत्या. बँकेत काम करणाऱ्या, पन्नाशीच्या आसपासच्या. पाय टेकवत नव्हता. पुढच्या टेकड्या त्यांना जमणार नव्हत्या, म्हणून साहेब त्यांना आधार देत कोंढणपूरच्या बाजूने खाली रस्त्यावर नेणार होते. तिकडे गाडी पाठव, म्हणाले. केदारने जीप पाठवली.

तीन पंचावन्नला शेवटचा रिपोर्ट आला. वाऱ्यामुळे शब्द तुटत होते.

"वन फॉर नाईन. लास्ट मॅन गाडीत. पार्टी पूर्ण. एक्केचाळीस. ओव्हर."

मी एक्केचाळिसावी खूण केली. सकाळपासून बूट ओले होते आणि बोटं पेन्सिल धरत नव्हती. साहेब ताईंबरोबर जीपमध्ये असणार असं मी धरून चाललो. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं.

"नाईन फॉर वन. रॉजर. सेट क्लोज करतोय. ओव्हर."

समोरून फक्त खरखर आली. समोरच्याचा रॉजर, म्हणजे ऐकल्याची पोच आल्याशिवाय सेट बंद करायचा नसतो. हे मी स्वतः कितीतरी नव्या ऑपरेटरांना शिकवलं आहे. त्या दिवशी मी दहापर्यंत आकडे मोजले आणि बटण फिरवलं. फीत सोडली, बांबू काढले आणि केदारच्या गाडीत बसलो.

डोणज्याला सगळे चुलीभोवती बसले होते. माझ्या हातात कोणीतरी ताट दिलं. मी जेवलो. हेही लिहिलं पाहिजे.

कोंढणपूरकडचा रस्ता पावसाने एके ठिकाणी खचला होता, म्हणून जीप लांबून आली. पाच पन्नास झाले होते. अश्विनीताई उतरल्या. अंगात साहेबांचं हिरवं जॅकेट. मी त्यांच्या मागे दाराकडे बघत राहिलो. ड्रायव्हरने दार लावून घेतलं.

"साहेब कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते तर परत वर गेले," ड्रायव्हर म्हणाला. "राहिलेल्या रिबिनी काढत गेटवर येतो म्हणाले. आले नाहीत का?"

वाट दाखवायला झुडपांना लाल रिबिनी बांधलेल्या असतात. डोंगरावर आपलं काही मागे ठेवायचं नाही हा साहेबांचा नियम होता. पेट्रोलमध्ये ते बिस्किटाचा कागदसुद्धा परत आणायला लावत.

मी सेट चालू केला. नाईन फॉर वन. उत्तर नाही. पुन्हा. उत्तर नाही.  केदारने बूट घालायला घेतले, आणखी चौघांनीही. गावातले सहा जण विजेऱ्या घेऊन आले. मला वर येऊ नका म्हणाले, तरी मी गेटच्या जागेपर्यंत गेलो आणि तिथे थांबलो. वर गेलेल्यांच्या हाका ऐकू येत होत्या. मग धुक्यात त्यांचीच दिशा चुकायला लागली आणि त्यांना खाली बोलवावं लागलं.

सकाळी उजाडल्यावर धुकं विरळ झालं. गुरं राखणारे एक आजोबा सर्वांच्या पुढे होते. पावणेआठला त्यांनी वरून हाक दिली.

"घावला. हितं कातळाला टेकून बसलाय."

केदारने खालून विचारलं, "शुद्धीवर आहेत का?"

आजोबांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं. "नाय, बाळा. गार हाय."

तिथून गेट एकाच टेकडीच्या अंतरावर होतं. अंगात बंडी आणि पातळ शर्ट. खिशात सतरा रिबिनी, नीट घडी घातलेल्या. सेट मांडीवर होता. बटण चालूवर, बॅटरी संपलेली. त्यांनी मला किती वेळा हाक मारली ते कळायला मार्ग नाही. थंडीने अंग गार पडून हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. किती वाजता, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

तेराव्याला अश्विनीताई काठी घेऊन आल्या होत्या. मी बाहेर चपलांपाशी उभा होतो. त्यांनी मला बाजूला घेतलं. जॅकेट द्यायला लागले तेव्हा मी नको म्हणत होते, म्हणाल्या. तुम्ही एकटे धुक्यात कसे जाल, असंही विचारलं होतं.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, गेटवर मास्तर आहे. मला मोजल्याशिवाय तो उठणार नाही." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मास्तर म्हणजे कोण हो? मला त्यांना भेटायचं होतं."

मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या आत गेल्या.

पुढचे दोन महिने मी विश्रांतवाडीला गेलो नाही. ग्रंथालयातून घरी यायचो, दिवा लावायचो, पुस्तक उघडायचो. पान तेच राहायचं. फेब्रुवारीत एका दुपारी गेलो. साहेबांच्या पत्नीला मी वहिनी म्हणतो. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. मी सगळं वेळेसकट सांगितलं. तीन पंचावन्नला काय झालं, मी काय करायला हवं होतं, काय केलं. रिपोर्ट देतात तसं सांगितलं, कारण दुसऱ्या तऱ्हेने मला सांगता आलं नसतं.

वहिनींनी माझा पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"केदारने मला केव्हाच सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी येता, याची वाट बघत होते."

मी मान खाली घातली.

"अहो भाऊजी, ते तरी कमी होते का? एकदा सांगायचं ना, मी वर जातोय म्हणून. जन्मात कधी स्वतःचं सांगितलं नाही." त्या उठल्या. आतून चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत.

यंदा कोणी पळालं नाही.

सुभेदार सर्जेराव पिसाळ. वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. अठ्ठावीस वर्षे नोकरी, त्यातले बरेच हिवाळे बर्फात. शिट्टी सुरेल वाजवायचे, पत्ते वाईट खेळायचे. घरून आलेली पत्रं मला वाचायला देत, कारण अक्षर लागत नाही म्हणायचे. चष्मा लागला होता हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या पेट्रोलमधला एकही माणूस कधी डोंगरावर राहिला नाही. हे कुठल्या कागदावर नाही, म्हणून इथे लिहिलं. राहिला तो एकच माणूस, आणि त्या दिवशी गेटवर मी होतो.